चाळीस मिनिटांत देव

देव आहे की नाही, याचा निकाल इंग्लंडमधल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना चाळीस मिनिटांत लावावा लागतो. पेपर २ तासांचा. ४ प्रश्नांपैकी ३ सोडवायचे, प्रत्येक ४० गुणांचा. त्यातले १६ गुण माहितीला, म्हणजे कोण काय म्हणालं आणि कुणाला उत्तर म्हणून म्हणालं. उरलेले २४ गुण त्या माहितीचं तुम्ही काय केलंत याला. ‘अमुक युक्तिवाद कितपत टिकतो?’ असा प्रश्न आला की ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ असं लिहून सुटका नाही. एका बाजूला उतरायचं, का उतरलो ते सांगायचं, आणि समोरच्याचं सगळ्यांत बळकट म्हणणं निवडून ते खोडायचं. तेही हातानं, पेनानं, घड्याळाकडे बघत.

बर्मिंगहॅमच्या एका सरकारी शाळेत मी हे शिकवते. विषयाचं नाव रिलिजस स्टडीज, मुलं म्हणतात आरएस. परीक्षा घेणाऱ्या ओसीआर बोर्डाच्या अभ्यासक्रमात त्याचे तीन पेपर असतात: धर्माचं तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र, आणि एखाद्या धर्माच्या विचारांचा विकास. मला सगळ्यांत जवळचा पहिला. सोलापूरला गेलं की मामा न चुकता विचारतात, ‘म्हणजे तू तिकडे कीर्तन करतेस का?’ आणि मामी, ‘त्याला पगार देतात?’ देतात. फार नाही, पण देतात.

इथल्या सिक्स्थ फॉर्मची कल्पना आपल्याकडच्या अकरावी-बारावीवरून पूर्ण येत नाही. सोळाव्या वर्षानंतरची ही दोन वर्षं. मुलं साधारण तीनच विषय घेतात आणि ते कसेही जुळवता येतात. त्यामुळे माझ्या वर्गात रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रासोबत आरएस घेणारी, डॉक्टर व्हायला निघालेली मुलगी असते आणि शेजारी नाटक, इतिहास आणि आरएसवाला मुलगा. आपल्याकडे सायन्सला गेलेल्या पोराला तर्कशास्त्र कुणी विचारतसुद्धा नाही. मी आर्ट्सची, म्हणून मला ते मिळालं.

आणखी एक उलटापालट मला इथे आल्यावर बरेच दिवस पचली नव्हती. भारतात सरकारी पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, असं राज्यघटनेचं २८ वं कलम सांगतं. इंग्लंडमध्ये १९४४ च्या कायद्यापासून सरकारी शाळांत धर्माचं शिक्षण सक्तीचं आहे. पालकांना नको असेल तर मुलाला त्यातून काढून घेता येतं, पण शाळेला ते देणं चुकत नाही. आणि एवढी सक्ती असलेल्या देशात रविवारी चर्चमध्ये तुरळक डोकी दिसतात. कार्यकारणभाव लावायचा मोह होतो. मी तो वर्गात मुलांना करू देत नाही, त्यामुळे इथेही आवरते.

पहिल्या सत्रात मजा असते. अकराव्या शतकातला अन्सेल्म, पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेला, म्हणतो की ज्याच्याहून मोठं काही कल्पिताच येत नाही तो देव. आणि असा देव नुसता मनातच असेल, प्रत्यक्षात नसेल, तर त्याच्याहून मोठा कल्पिता येईल, म्हणजे प्रत्यक्षात असलेला. तेव्हा तो असलाच पाहिजे. वर्ग दोन मिनिटं गप्प. मग मागून कुणीतरी, ‘मिस, ही हातचलाखी आहे.’ असेल. मग दाखव पत्ता कुठे बदलला तो. इथे पुढचे दोन तास जातात आणि मुलं घामाघूम होतात, कारण चूक आहे हे सगळ्यांना जाणवतं पण नेमकी कुठे ते बोट ठेवून दाखवता येत नाही. त्याच्याच काळातला गोनिलो नावाचा एक संन्यासी म्हणाला होता की याच रीतीनं मी सर्वांत उत्तम बेट सिद्ध करून देतो. मुलांना तो फार आवडतो. मला मात्र वाटतं की गोनिलोनं अन्सेल्मला चिमटा काढला, पाडलं नाही. पण असं मी म्हटलं की परीक्षेत तीस उत्तरपत्रिकांत तेच येतं, म्हणून म्हणत नाही.

पेलीच्या घड्याळाबद्दल मुलांना वेगळाच राग येतो. माळावर घड्याळ सापडलं तर घड्याळजी असणारच, तसं जग सापडलं तर त्याचा कर्ता असणार, हे विल्यम पेलीनं १८०२ साली लिहिलं. याच तऱ्हेच्या युक्तिवादावर तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं घेतलेले आक्षेप १७७९ सालीच छापून झाले होते, ह्यूमच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. ‘म्हणजे पेलीनं वाचलंच नाही?’ मुलांच्या दृष्टीनं हा शुद्ध आळस. दोन तारखा फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या की एका अवघड गोष्टीला तोंड फुटतं: खोडलेला युक्तिवाद मरत नाही, पुष्कळदा तो खोडला गेल्यानंतरच लोकप्रिय होतो.

पालकसभेला आईवडील येतात. नायजेरियाहून आलेली एखादी आई थेट विचारते, ‘माझ्या मुलीची श्रद्धा जाईल का यानं?’ नास्तिक घरातला बाप नेमकं उलटं विचारतो, जरा हसत. दोघांनाही मी सांगते ते एकच. इतकी वर्षं बघतेय, युक्तिवादानं कुणी इकडचं तिकडे गेल्याचं फारसं दिसलं नाही. अन्सेल्म वाचून कुणी चर्चला जायला लागलं नाही, ह्यूम वाचून कुणी नमाज सोडला नाही. हे ऐकून दोघंही पालक किंचित निराश होतात.

पण मग वसंत येतो आणि दुःखाचा प्रश्न सुरू होतो. तिथे वर्गाची हवा बदलते.

फळ्यावर त्रिकोण काढायचा. एका कोपऱ्यात ‘देव सर्वशक्तिमान आहे’, दुसऱ्यात ‘देव पूर्ण भला आहे’, तिसऱ्यात ‘जगात दुःख आहे’. जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञानं १९५५ च्या एका निबंधात म्हटलं की ही तिन्ही विधानं एकत्र खरी असू शकत नाहीत, एकतरी सोडा. अठरा वर्षांच्या मुलांना असला त्रिकोण म्हणजे पर्वणी. ती लगेच दोन गटांत वाटली जातात: देवाचे वकील आणि फिर्यादी. जुना ख्रिस्ती धर्मशास्त्री ऑगस्टीन म्हणाला, दुःख म्हणजे स्वतंत्र वस्तू नाही, भल्याचा अभाव आहे, आणि ते माणसाच्या पापातून आलं. फिर्यादी गट म्हणतो, आदमनं खाल्लेल्या फळाची शिक्षा आज जन्मलेल्या बाळाला का? वकील गट म्हणतो, स्वातंत्र्य हवं तर त्याची किंमत आलीच. प्रत्येक तत्त्वज्ञाचं एकेक कार्ड तयार होतं, पुढे नाव, मागे तीन मुद्दे. ही कार्डं मला अजिबात आवडत नाहीत. पण मुलांचा जीव त्यांत असतो आणि मॉक्स, म्हणजे सराव परीक्षा, जवळ आलेल्या असतात.

या विषयाआधी मी एक काम करते. वर्गात कुणाच्या घरी अलीकडे काय झालंय याची चौकशी करून ठेवते. दर वर्षी कुणीतरी असतंच. कुणाचा भाऊ, कुणाची आई. त्या मुलाला आधी बाजूला घेऊन सांगायचं की पुढच्या आठवड्यात हे येणार आहे, नको असेल तर वाचनालयात बस. बहुतेक वेळा ती मुलं येतात, आणि बहुतेक वेळा सगळ्यांत कमी बोलतात.

कार्डांच्या आधी मी ईयोबाची गोष्ट सांगते. ख्रिस्ती, मुसलमान आणि ज्यू घरांतल्या मुलांना ती थोडीफार ठाऊक असते. सज्जन माणूस, मुलंबाळं मरतात, गुरंढोरं जातात, अंगभर फोड येतात. तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. मग बोलायला लागतात आणि घोटाळा होतो. तू काहीतरी केलं असशील. देव उगाच शिक्षा देत नाही. यात शुद्धीकरण असेल. ईयोब देवाच्या नावानं ओरडतो, जाब मागतो. बायबलमधल्या त्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असं म्हणतो. म्हणजे देवाची वकिली करणाऱ्यांना देवच झापतो. मुलं हे ऐकून चक्रावतात, आणि चक्रावावं अशीच माझी इच्छा असते.

मग लिस्बन. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्च भरलेली, मेणबत्त्या लागलेल्या. भूकंप झाला, छपरं आली, त्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या, वरून समुद्र आत शिरला. देवानं केलेलं हे जगच सर्वोत्तम असं म्हणणाऱ्यांवर संतापून व्होल्तेअरनं कविता लिहिली की हे का तुमचं सर्वोत्तम जग? आणि १७५६ साली रूसोनं त्याला पत्र पाठवून एक साधी गोष्ट सुनावली: तिथे सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं काही निसर्गानं बांधली नव्हती.

रूसोच्या या वाक्याशी आले की मी किल्लारी सांगते. मी सोलापुरात शाळेत होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. लातूर-उस्मानाबादकडच्या गावांतले लोक गणपती बुडवून येऊन झोपले होते. आमच्याकडे नुसती भांडी वाजली आणि आम्ही रस्त्यावर येऊन उभे राहिलो, पुढे कित्येक रात्री अंगणातच झोपलो. तिकडे हजारो माणसं गेली. भूकंप ६ च्या थोडा वरचा. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि फार माणसं दगावत नाहीत. पण तिथली घरं दीड-दोन हात जाडीच्या दगड-मातीच्या भिंतींची, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं तेच घर अंगावर आलं. आता हे निसर्गानं केलं की माणसानं? पुस्तकात दोन रकाने आहेत, नैसर्गिक आणि नैतिक. ऑगस्टीनपासून सगळे ते वापरतात. किल्लारी कुठल्या रकान्यात घालणार?

एका वर्षी या तासाला मागच्या बाकावरच्या मुलानं हात वर केला. एरवी न बोलणारा. त्याचं घराणं मूळचं पाकिस्तानी काश्मीरातलं, बर्मिंगहॅममध्ये अशी घरं पुष्कळ. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपाबद्दल तो बोलायला लागला. रमजानचे दिवस, सकाळी नऊच्या आधीची वेळ, शाळा नुकत्या भरलेल्या. सरकारी शाळांच्या इमारती पत्त्यांसारख्या बसल्या आणि हजारो मुलं खाली गेली. त्याच्या आजीच्या बहिणीचा नातू त्यातला एक. हा मुलगा तेव्हा जन्मलाही नव्हता, पण घरात त्या पोराचा फोटो आहे. तो म्हणाला, ‘माझी ती आजी म्हणते, ही अल्लाहनं घेतलेली आजमाइश होती. ती म्हणते तेव्हा माझे वडील मान खाली घालून ऐकतात. पण एकदा मशिदीत पाहुण्या मौलवींनी तेच सांगितलं, तर अब्बा उठून बाहेर गेले. गाडीत म्हणाले, सिमेंट कुणी खाल्लं ते विचारा त्यांना.’

वाक्य तेच. आजीनं म्हटलं तर बाप मान खाली घालतो, मौलवींनी म्हटलं तर उठून जातो. त्या दिवसापासून मी हा विषय वेगळ्या तऱ्हेनं शिकवते. फळ्यावरच्या त्रिकोणाला तीन कोपरे आहेत, पण बोलणारा कुठेच नाही. परीक्षेतल्या प्रश्नातही तो नसतो. ‘आत्मघडणीचा युक्तिवाद (म्हणजे दुःखातून माणसाचा आत्मा घडतो, हा) दुःखाच्या प्रश्नाला पुरेसं उत्तर देतो का?’ असं विचारतात, कुणाला देतो आणि कोण देतं हे विचारत नाहीत.

अॅबरफानची गोष्ट मी त्यानंतर धरली. वेल्समधलं खाणकामगारांचं गाव, इथून गाडीनं काही तासांवर. २१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार, सहामाही सुट्टी लागायच्या आधीचा शेवटचा दिवस. गावावरच्या डोंगरात कोळसा खाणीतला टाकाऊ माल टाकून टाकून टेकाडं उभी केली होती. त्यातलं एक पावसानं भिजून सुटलं आणि थेट शाळेवर आलं. १४४ मेले, त्यात ११६ मुलं. ते टेकाड झऱ्यांवर उभं केलेलं होतं. चौकशी आयोगानं पुढे राष्ट्रीय कोळसा मंडळालाच जबाबदार धरलं. पण त्याआधी, अपघातानंतर थोड्याच दिवसांत, मृत्यूची कारणं नोंदवायची सुनावणी झाली. अधिकाऱ्यानं एका मुलाचं नाव वाचलं आणि कारण सांगितलं: गुदमरून आणि अनेक जखमांनी. बाप उठून म्हणाला, नाही साहेब, ‘राष्ट्रीय कोळसा मंडळानं जिवंत गाडलं’ असं लिहा. नोंदीत मला तेच हवंय.

हे वाचून झाल्यावर एक तास वर्गात कार्डं निघत नाहीत.

आणि मग येतो जॉन हिक. त्याच्याविषयी माझं मत थोडं पक्षपाती आहे, कारण तो आमच्या गावचा. १९६७ साली तो बर्मिंगहॅम विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आला. त्या काळात या शहरात भारत-पाकिस्तानातून, कॅरिबियन बेटांतून माणसं येऊन स्थिरावत होती आणि त्यांच्याविरुद्ध विषही भरपूर पसरवलं जात होतं. हिक प्रोटेस्टंट धर्मशास्त्री. तो इथल्या गुरुद्वारांत, मंदिरांत, मशिदींत, सिनेगॉगमध्ये जाऊन बसला आणि त्याला वाटलं की इथे चाललंय ते आणि आमच्या चर्चमध्ये चाललंय ते मुळात एकच आहे. १९७५ साली बर्मिंगहॅमच्या शाळांसाठी ख्रिस्ती धर्माबरोबर इतर धर्मांनाही जागा देणारा अभ्यासक्रम झाला, त्या कामात तो पुढे होता. म्हणजे मी आज ज्या वर्गात उभी राहते तो एका अर्थी त्यानं मांडून ठेवलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात त्यानं सदसद्विवेकाच्या कारणानं शस्त्र घेतलं नाही, रुग्णवाहिका पथकात काम केलं. दुःख लांबून पाहिलेला माणूस नव्हता तो.

त्याचं म्हणणं असं की जग ही आत्मा घडायची जागा आहे. तयार, निर्दोष माणूस बनवून सुखात ठेवणं देवाला जमलं असतं, पण धैर्य, करुणा, सोशिकता या गोष्टी तयार करून देता येत नाहीत, त्या घडाव्या लागतात. म्हणून संकटं. म्हणूनच देव जरा आडून, इतका की त्याला मानायची जबरदस्ती वाटू नये. ही कल्पना त्यानं कवी कीट्सकडून घेतली. कीट्सनं १८१९ साली भावाला आणि वहिनीला लिहिलेल्या पत्रात जगाला आत्मा घडवणारी दरी म्हटलं होतं. हे लिहायच्या काही महिने आधी त्याचा धाकटा भाऊ टॉम क्षयानं गेला होता, कीट्सनंच त्याची शुश्रूषा केली होती, आणि पुढे दोन वर्षांत त्याच रोगानं तो स्वतः गेला. कार्डावर यातलं काही मावत नाही.

हिकला मी तुकोबांची जोड देते. परीक्षेला लागत नाही, तरी एक पान वाटते, मीच जमेल तसं इंग्रजीत केलेलं. १६३० च्या आसपासचा दख्खनचा दुष्काळ, देहूतला वाण्याचा धंदा बुडालेला, घरात उपास. ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ असं ते स्वतःच लिहून गेलेत. थोरली बायको रखमाबाई गेली, मुलगा गेला. आणि त्याच तुकोबांचा दुसरा अभंग: ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली’. दुष्काळ आला म्हणून तुझं चिंतन लागलं, संसार ओकून टाकावासा वाटला. हिकला याहून चांगला साक्षीदार कुठे मिळणार? संकटातून आत्मा घडला, घडलेला माणूस स्वतः सांगतोय, आणि पावतीही देतोय.

आमच्या घरी हा अभंग आजोबा पहाटे म्हणायचे. मी तो शेकडो वेळा ऐकलेला. चर्चमध्ये ड्रम वाजवणारी, पुढे डॉक्टर व्हायची असलेली माझी एक विद्यार्थिनी ते पान वाचून संपल्यावर म्हणाली, ‘मिस, यांचा आत्मा घडला, ठीक. पण ती?’

‘ती कोण?’

‘जी अन्न अन्न करत मेली. तिच्या आत्म्याची घडण कुठे आहे? की ती यांच्या घडणीचं सामान होती?’

मी आणखी एक ओळ सांगून टाकली. दुसऱ्या एका अभंगात ते ‘बाइल मेली मुक्त जाली’ म्हणतात. ती मुक्त झाली, असं तुकोबांचं म्हणणं. मुलीनं मान हलवली. ‘हे तेच म्हणतायत. ती नाही म्हणत.’

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतही हा आक्षेप आहे. स्वान्सीचे डी. झी. फिलिप्स यांनी असल्या युक्तिवादांवर हीच तोफ डागली होती: दुसऱ्याच्या यातनेला कुणाच्या तरी वाढीचं साधन करणं हे मुळातच अनैतिक आहे. मी ते नाव फळ्यावर लिहून दिलं, कारण नाव असलं की १६ गुणांच्या खात्यात जमा होतं. पण तिला फिलिप्स लागला नव्हता. तिनं देहूतल्या त्या घरात डोकावून पाहिलं होतं. तुकोबांवर मी लहानपणापासून जीव टाकत आलेय, आणि त्यांच्या बाजूनं म्हणायला माझ्याजवळ एकच गोष्ट होती: हे ते स्वतःच्या घराबद्दल बोलतायत, शेजाऱ्याच्या नाही. दुष्काळात मेलेल्या दुसऱ्या कुणाच्या बायकोबद्दल ‘बरं झालं’ असं ते म्हणाले असते तर मी ते पान वाटलंच नसतं. मुलीनं ऐकून घेतलं. पटलं की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही.

तेव्हा मी जनाबाई काढली. ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ इथपासून सुरुवात करून तुझं मढं गेलं म्हणेपर्यंत अंगणात उभी राहून देवाला शिव्या देणारी दासी. वर्ग हसला. भारतातल्या संतकवयित्रीकडून त्यांना सुगंधी काहीतरी अपेक्षित होतं. मग मी विचारलं, ही वकील की फिर्यादी? वकील नाही हे उघड होतं. पण फिर्यादी म्हणावं तर आरोपी अस्तित्वातच नाही असं काही ती सिद्ध करायला निघालेली नाही. तिला त्रिकोणाचा कुठलाच कोपरा सोडायचा नाही. तिला तो समोर हवाय, शिव्या खायला. ईयोबाच्या पंगतीतली बाई. काश्मीरी घरातला तो मुलगा त्या वेळी वर्गात असता तर त्याला आवडली असती असं मला वाटलं.

मी हे जरा रंगात येऊन सांगत होते. माझ्या मनात असं होतं की परीक्षेच्या दोन बाजूंपलीकडची तिसरी जागा मी यांना दाखवतेय. नाटक आणि इतिहासवाल्या, घरात तीन पिढ्यांत कुणी चर्च न पाहिलेल्या मुलानं ती हवा काढून घेतली. ‘तिचं बरं आहे, मिस. तो ऐकतोय याची तिला खात्री आहे. माझी आई गेली तेव्हा मी कुणाला शिव्या द्यायच्या होत्या?’

वर्गातल्या कुणालाच त्याच्या आईचं माहीत नव्हतं. मला होतं. आठवड्यापूर्वी मी त्याला बाजूला घेऊन विचारलंही होतं आणि तो म्हणाला होता, चालेल. ड्रमवाली मुलगी त्याच्याकडे वळून म्हणाली, ‘अॅबरफानच्या बाबांसारखं. काही कारण होतं का?’ तो म्हणाला, होतं, तपासणीची तारीख पाच महिने पुढे ढकलत गेले. ‘मग त्यांना,’ ती म्हणाली. घंटा झाली तरी दोघं बोलत बसले होते. मी फळा पुसत राहिले. ऐकत नव्हते असं म्हणणार नाही.

मे महिन्याच्या आधी शेवटची मॉक असते. प्रश्न हिकवरचाच टाकला होता. मुलीनं हिकला चांगला उभा केला, मग कीट्स, मग फिलिप्स, आणि निष्कर्षात लिहिलं की आत्मघडणीचा युक्तिवाद सोसणाऱ्यानं स्वतःबद्दल मांडला तर टिकतो, दुसऱ्याबद्दल मांडला तर टिकत नाही, आणि देव हा प्रत्येक वेळी दुसऱ्याबद्दलच बोलत असल्यामुळे त्याला तो वापरता येणार नाही. शेवटचं वाक्य वाचून मी खुर्चीत सरळ झाले. ते मी शिकवलेलं नव्हतं.

आमच्याकडे एकमेकांचे गठ्ठे अदलाबदल करून गुण पडताळतात. माझा सहकारी कॅथलिक शाळेत शिकलेला, बारकाव्याचा माणूस. निकालाच्या २४ गुणांना सहा पायऱ्या असतात. २१ पासून वरची, २० पर्यंत त्याखालची. मी २२ दिले होते. त्यानं पेन्सिलीनं १९ लिहिलं होतं. त्याचं म्हणणं, युक्तिवाद खरा की खोटा हे कोण बोलतंय यावर अवलंबून नसतं, ही तर्कशास्त्राची पहिली पायरी, आणि मुलीनं ती चुकवलीये. मी म्हटलं, खरा की खोटा यावर ती बोलतच नाहीये, तो मांडायचा हक्क कुणाला यावर बोलतेय. तो म्हणाला, प्रश्नात ते विचारलेलं नाही. मी म्हटलं, तेच तर. मग त्यानं विचारलं की देव दुसऱ्याबद्दल बोलतो हे तिनं गृहीत धरलंय, क्रुसावरच्या देवाचं काय? तो काय लांबून बोलत होता? हे मात्र मला सुचलं नव्हतं. आम्ही तासभर त्याच एका परिच्छेदावर अडून होतो आणि बाकीचा गठ्ठा तसाच पडला होता. शेवटी २१ वर तुटलं, या अटीवर की समासात त्याचा क्रुसाचा प्रश्न मी माझ्या हातानं लिहायचा आणि तिच्याकडून उत्तर घ्यायचं.